भातुकली म्हणजे डॉल्स हाऊस नव्हे

कॅथरीन मॅन्सफिल्डची 'द डॉल्स हाऊस' ही कथा आपल्या वाचनगटात मराठीत आणायचं ठरलं, तेव्हा पहिली अडचण शीर्षकातच आली. 'बाहुलीघर' हा शब्द कागदावर ठीक दिसतो, पण तोंडात बसत नाही. कोणी 'घरकुल' सुचवलं, कारण इब्सेनच्या १८७९ च्या 'अ डॉल्स हाऊस' या नाटकाचं रूपांतर अनंत काणेकरांनी त्याच नावाने केलं होतं. पण आज 'घरकुल' म्हटलं की सरकारी योजना, लाभार्थ्यांची यादी आणि अडकलेला हप्ता आठवतो. मग तिघीचौघी एकदम 'भातुकली' म्हणाल्या आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला ते पटलं नाही, आणि का पटलं नाही ते त्या दिवशी नीट सांगताही आलं नाही, म्हणून हा लेख. मी चार वर्षांपासून लहान वस्तू बनवतो आणि जमवतो. काडेपेटीतल्या काड्या, आइस्क्रीमच्या चपट्या काड्या, तांब्याची तार, एम-सील, फेविकॉल एवढ्या भांडवलावर हा छंद चालतो. माझ्याकडे बुटाच्या खोक्यात मावणारं एक स्वयंपाकघर आहे आणि एका पेटीत जुनी भातुकलीही आहे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या की लगेच दिसतं, त्यांचं जमत नाही. भातुकलीतलं लाटणं त्या खोक्यातल्या दारापेक्षा उंच होतं.

डॉल्स हाऊस हे मुळात मुलांचं खेळणं नव्हतंच. सोळाव्या शतकाच्या मध्यात बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्ट पाचवा याने असं एक छोटं घर करवून घेतलं, ते पाहुण्यांना दाखवायला. सतराव्या शतकात हॉलंडच्या श्रीमंत बायका कपाटात अशी घरं सजवत. पेट्रोनेला ऊर्टमन या बाईंचं कपाट आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यावर झालेल्या खर्चात कालव्याकाठी एक खरं घर उभं राहिलं असतं असं सांगतात. आणि सगळ्यात प्रसिद्ध घर राणी मेरीचं, १९२१ ते १९२४ या काळात तयार झालेलं. त्याचा वास्तुकार एडविन लुट्यन्स, म्हणजे त्याच वर्षांत जो आपली नवी दिल्ली बांधत होता तोच. या घरात नळाला पाणी येतं, दिवे लागतात, लिफ्ट चालते. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे त्यातलं ग्रंथालय. बोटाच्या पेराएवढ्या पुस्तकांत लेखकांनी खरोखर मजकूर लिहून दिला. कॉनन डॉइलने वॉटसनवर एक छोटी गोष्ट दिली, तर व्हर्जिनिया वुल्फने नकार दिला. (मला नकार देणारी जास्त आवडते, पण ते असो.) हे घर आता विंडसर किल्ल्यात आहे. त्याच्याशी कधी कोणी खेळलं नाही.

या घराचं माप १:१२ आहे, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट तिथे एक इंच. जगभरचे हौशी लोक बहुतेक याच मापात काम करतात. पहिल्यांदा करून पाहणाऱ्याला वाटतं की सगळं बाराने भागलं की झालं. पण लांबी बाराने भागली जाते तेव्हा आकारमान बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १७२८ ने भागलं जातं. पंधरा लिटरच्या कळशीत मग नऊ मिलिलिटरसुद्धा पाणी मावत नाही, जेमतेम पावणेदोन चमचे. वीस किलोचं दगडी जातं साडेअकरा ग्रॅमचं होतं आणि फुंकर मारली तरी हलतं. कापड खाली पडत नाही, ताठ उभं राहतं, कारण त्याला ओढायला वजनच नसतं. साडीचा पदर करायचा तर पातळ मलमल पाण्यात कालवलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून, घड्या बोटाने बसवून वाळवावी लागते. पाणी आणि आग तर लहान होतच नाहीत. थेंब थेंबाएवढाच राहतो, ज्योत ज्योतीएवढीच. म्हणून या घरांत पाणी रेझिनचं असतं आणि चुलीत लाल कागद. म्हणजे डॉल्स हाऊस जितकं अचूक, तितकं ते हाताला बंद. ते डोळ्यासाठी केलेलं असतं.

भातुकली नेमकी उलट. तिला माप नाही, म्हणजे पट्टीवरचं माप नाही. तिचं माप म्हणजे मुलाचा हात. पोळपाट खऱ्याच्या निम्मा असतो, कारण त्यावर खरी कणीक लाटायची असते. जातं खऱ्याच्या चौथाई, कारण ते फक्त फिरवायचं असतं. बंब त्याहून लहान, कारण तो नुसता ठेवायचा असतो. ज्या वस्तूने जितकं काम करायचं, तितकी ती मोठी. चुरमुऱ्यांचा भात, गूळ-दाण्याचे लाडू, पाल्याची भाजी हे सगळं त्या भांड्यांतून खरंच वाढलं जातं. मुलगा असल्यामुळे माझ्या वाट्याला नेहमी एकच भूमिका यायची, ऑफिसातून येऊन जेवायला बसणं आणि "मीठ कमी आहे" म्हणणं. भातुकली मुलींना काय शिकवते यावर पुष्कळ बोललं जातं, आणि ते बरोबरच आहे. ती मुलग्यांना काय शिकवते यावरही कोणीतरी लिहायला हवं.

आपल्या साहित्याने भातुकलीतले राजा-राणी उचलले. मंगेश पाडगावकरांचं, अरुण दाते यांनी गायलेलं ते गीत सगळ्यांना पाठ आहे. पण भांडी मागे राहिली. भांडी जमवणारे लोक वेगळेच. पुण्याचे विलास करंदीकर यांनी जुन्या भातुकलीचा मोठा संग्रह केला आणि त्याची प्रदर्शनं भरवली. पुण्यातच राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, घरातली भांडी आहेत. त्यांत छोट्या खेळभांड्यांपेक्षा खरी वापरातलीच जास्त, पण नजर तीच. दिनकर केळकर स्वतः कवी होते, 'अज्ञातवासी' या नावाने लिहीत. कवीला अडकित्ता जमवावासा वाटतो यात मला नवल वाटत नाही.

आता आपल्या गावाचं. भोपाळहून इटारसीकडे जाताना नर्मदेच्या अलीकडे बुधनी लागतं. तिथे लाकडी खेळणी होतात. लाकूड कातावर फिरत असतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग लाकडावर चढतो. ब्रश नाही, डबा नाही. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीतल्या खेळण्यांची आठवण व्हावी अशीच ही खेळणी. मी बुधनीचा एक संच घेतला. विकणाऱ्याने एकेक वस्तू हातात देत नावं सांगितली: चकला, बेलन, चक्की. घरी आल्यावर आजीने तीच भांडी हातात घेतली आणि म्हटलं: पोळपाट, लाटणं, जातं. वस्तू त्याच, नावं दोन. भोपाळमध्ये वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात विशेष काही वाटत नाही. आपण दिवसभर असेच या भाषेतून त्या भाषेत ये-जा करतो.

पण आजी पुढे सुपाशी थांबली. सूप मी केलेलं होतं, उदबत्तीच्या काड्या उभ्या चिरून विणलेलं, दीड इंचाचं. सूप हिंदीतही सूपच. नाव एकच, म्हणून मला वाटलं की इथे काही हरवलेलं नाही. आजीने ते दोन बोटांत धरून हवेत वर-खाली केलं: "हे पाखडणं." मग गोल फिरवलं: "हे घोळणं." मग एक छोटा झटका दिला: "हे आसडणं." एका सुपाच्या तीन हालचाली, तीन क्रियापदं. माझी बहीण या तिन्हीला 'फटकणे' म्हणते, हिंदीतल्या 'फटकना'ला मराठी प्रत्यय लावून. मीसुद्धा तेच म्हणायचो.

माझा मुद्दा इथे आहे. परभाषेच्या शहरात नामं बऱ्यापैकी टिकतात. ती वस्तूला चिकटलेली असतात, चिठ्ठी लावून काचेमागे ठेवता येतात. क्रियापदं हाताला चिकटलेली असतात. हात थांबला की कांडणं, वैरणं, घुसळणं, निवडणं, पाखडणं यांतलं एकेक गळून पडतं, आणि त्याच्या जागी 'करणे' येऊन बसतं. डॉल्स हाऊस नामांचा संग्रह आहे, भातुकली क्रियापदांचा. 'जात्यातले रडतात, सुपातले हसतात' ही म्हण समजायला जातं कसं दिसतं हे ठाऊक असून भागत नाही. सुपातलं धान्य नंतर कुठे जातं हे ठाऊक असावं लागतं. म्हणून माझ्या पेटीतली भातुकली मी काचेत ठेवत नाही. शेजारची मुलं येतात, एक रवी मोडली, एक झाकण हरवलं. संग्राहक म्हणून हे वाईट आहे, तरी माझं मत बदललेलं नाही.

या दोन प्रकारांखेरीज एक तिसरंही लहानपण आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी डिसेंबरात केलेलं असतं: नाताळचा गोठा. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेचोला गव्हाणीचा देखावा केला तेव्हा तो लहान नव्हताच, खरा बैल, खरं गाढव, खरा चारा होता. लहान तो पुढे झाला. वसईच्या आमच्या घरी गोठ्याभोवती विहीर, रहाट, केळीची बाग असायची आणि डब्यांत नाचणी पेरून तिचं हिरवं गवत लावायचे. पुण्याकडची मुलं दिवाळीत मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरतात. युक्ती तीच. आणि मापाचा हिशोबही तोच: गोठ्यातली मरिया मागच्या घराहून उंच, किल्ल्यावरचे शिवाजी महाराज बुरुजाहून मोठे. इथे माप पट्टीचंही नाही आणि हाताचंही नाही, मानाचं आहे.

आता पुन्हा मॅन्सफिल्ड. १९२२ च्या या कथेत बर्नेल मुलींना एक मोठं डॉल्स हाऊस भेट मिळतं. रंगाच्या वासामुळे ते अंगणात ठेवतात. शाळेतल्या मुलींना दोन-दोन करून बघायला बोलावलं जातं, फक्त धोबिणीच्या दोन मुलींना, लिल आणि एल्स केल्वीला, नाही. 'बघायला' हे क्रियापद महत्त्वाचं. खेळायला कोणीच कोणाला बोलावत नाही. धाकटी केझिया एकदा केल्वी बहिणींना गुपचूप आत घेते, तेवढ्यात मावशी येऊन कोंबड्या हाकलाव्यात तसं त्यांना हाकलते. आपल्याकडे शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला रोहसेन आठवा. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहिल्यावर त्याला आपली मातीची नको होते, आणि वसंतसेना त्या मातीच्या गाडीत स्वतःचे दागिने भरते. देवलांनी हे नाटक मराठीत आणलं, तेव्हा ही गाडी आपल्या ओळखीची आहे. दोन्हीकडे खेळणं लहान असतं आणि अंतर पूर्ण मापाचं. पण वसंतसेना देते. केझियाला फक्त दाखवता येतं.

म्हणून शीर्षकाला 'भातुकली' चालणार नाही. भातुकलीतसुद्धा कोण पंगतीला आणि कोण ओट्याखाली हे असतंच, पण तिथे हाकललेल्या मुलीच्या हातातून भांडं काढून घ्यावं लागेल. मॅन्सफिल्डच्या मुलीने काहीच धरलेलं नाही. तिने फक्त पाहिलं आहे, आणि जे पाहिलं ते तिच्याकडेच राहतं. मी 'बाहुल्यांचं घर' सुचवतो. साधं आहे, थोडं परकं आहे, तसंच राहू दे.

त्याहून अवघड शब्द पुढे आहे. त्या घरातल्या बाहुल्या घराच्या मानाने फार मोठ्या आहेत, ताठ पडलेल्या आहेत, कोणी त्या घरात राहतं असं वाटत नाही. एकच वस्तू केझियाला खरी वाटते, जेवणाच्या टेबलावरचा छोटा दिवा. पेटवता येत नाही, पण आत तेलासारखं काहीतरी हलतं. १:१२ मध्ये काम करणाऱ्याला हे वाक्य वाचून थांबावंच लागतं, कारण द्रव पदार्थ हीच इथली सगळ्यात कठीण गोष्ट. शेवटी एल्सला आठवतो तोही हाच दिवा. याला मराठीत काय म्हणायचं? 'समई' म्हटलं तर देव्हारा येतो. 'कंदील' म्हटलं तर शेत आणि रात्रीची राखण. आजीच्या तोंडी लगेच येतो तो शब्द 'चिमणी', रॉकेलची, पत्र्याची, गरिबाघरची. मॅन्सफिल्डचा दिवा श्रीमंताघरचा आहे, पांढऱ्या काचेच्या गोळ्याचा, तेव्हा अर्थाने 'चिमणी' चूक. पण ज्या मुलीच्या डोळ्यांनी आपण तो शेवटी पाहतो, तिच्या घरी चिमणीच असणार. माझ्या कच्च्या खर्ड्यात केझियाच्या परिच्छेदात 'दिवा' आहे आणि एल्सच्या शेवटच्या वाक्यात 'चिमणी'. गटातल्या दोघांचं म्हणणं आहे की एका वस्तूला एका कथेत दोन शब्द वापरता येत नाहीत. पुढच्या बैठकीला खर्डा आणतो, आणि ज्यांना हवं त्यांनी येताना स्वतःचा घेऊन यावं.