बालकांचा पासपोर्ट आणि सिंगापूरची सफर

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस आहे. दिवाळीच्या सुट्टीत पत्नी व दोन मुलांसह (वय 9 व 4) सिंगापूरचा युनिव्हर्सल स्टुडिओ पाहावा, असा मानस आहे. धाकट्याचे नाव माझ्याच पासपोर्टात घालून भागेल ना?
— एक वाचक, मोशी

उत्तर : आपला समज पूर्वीच्या पद्धतीस धरून असला, तरी आता तान्ह्या बालकालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. त्याची धास्ती मात्र घेऊ नये. उभयता आईवडिलांची लेखी संमती, जन्मदाखला आणि आपले पासपोर्ट हाती असल्यास मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात हे काम बहुधा विनासायास उरकते. सिंगापूरच्या व्हिसाचा अर्ज अधिकृत एजंटामार्फत करावा. आगमनपत्रक मात्र पोहोचण्यापूर्वीच्या 3 दिवसांत सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते, तेव्हा त्याचे दाम कोणी मागितल्यास देऊ नयेत.

खरी खबरदारी घ्यावयाची ती धाकट्याच्या मनाची. युनिव्हर्सल स्टुडिओतील कित्येक राइड्सना उंचीची अट असते, ‘रिव्हेंज ऑफ द ममी’ला तर 122 सेंटिमीटरची, आणि तासभर रांगेत तिष्ठून ऐन दारातून परत फिरलेल्या चिमुरड्याची समजूत घालणे महाकठीण, म्हणून निघण्यापूर्वी घरीच दाराच्या चौकटीला उभे करून दोघांचीही उंची मोजावी, आणि काय मिळणार नाही हे त्यांना आधीच सांगावे. नोव्हेंबरात तेथे पाऊस असतो, रेनकोट न्यावेत. एक दिवस शहरासाठी राखावा. तेथील विस्तीर्ण वनस्पती उद्यानास प्रवेशशुल्क नाही. खर्च झेपत नसेल, तर खोपोलीजवळचे इमॅजिका मनोरंजन उद्यान या वयाच्या मुलांना मुळीच उणे वाटणार नाही.

चौघांचे पासपोर्ट हाती येईपर्यंत विमानाची तिकिटे काढू नयेत, ही विनंती.