डोळे मिटले की तोल का जातो?

आधी एक करून बघा. कुणाला तरी शेजारी उभं करा, दोन्ही पावलं जुळवा आणि डोळे मिटा. थोडं डुलल्यासारखं होईल, पण तुम्ही पडणार नाही. कारण तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर मिळते: डोळे, कानाचा आतला भाग, आणि पायांचे स्नायू व सांधे. एक खबर बंद पडली तरी उरलेल्या दोन काम निभावून नेतात.

आता समजा, पायांची खबरच वर पोचत नाही. ती मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जाते. ब-१२ जीवनसत्त्व फार कमी पडलं तर तिथेच बिघाड होतो. मधुमेहात पायांच्या नसा खराब होतात. मग सगळी मदार डोळ्यांवर. असा माणूस दिवसा जमिनीकडे बघत, पाय जरा फाकवून चालतो आणि आपल्याला वाटतं, ठीकच आहे की! पण तोंडाला साबण लावून डोळे मिटले किंवा रात्री लाईट गेली, की धडपडतो. घरचे म्हणतात, "वय झालं आता." मला हे वाक्य मुळीच पटत नाही. तोल अंधारातच जातो, ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवी. ब-१२ची कमतरता वेळेत कळली तर उपचार सोपा आहे; उशीर झाला तर काही नुकसान कायमचं राहू शकतं.

१९व्या शतकात बर्लिनचे डॉक्टर मोरिट्झ रोम्बर्ग यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांमध्ये हेच लक्षण नोंदवलं. डोळे उघडे असताना स्थिर उभा असलेला रुग्ण डोळे मिटताच पडू लागला, तर 'रोम्बर्ग पॉझिटिव्ह' म्हणतात. परीक्षेत बरीच मुलं ही लहान मेंदूची चाचणी म्हणून लिहितात. तसं नाही! लहान मेंदू बिघडला तर डोळे उघडे असूनही माणूस डुलतो.

पार्किन्सनमध्ये डोळ्यांचा उपयोग वेगळ्याच तऱ्हेने होतो. चालता चालता, विशेषतः दारापाशी, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. अशा वेळी फरशीवर एकेका पावलाच्या अंतराने आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवतात. नुसतं "चाला" म्हटलं तर न हलणारा पाय, पट्टी ओलांडायची म्हटलं की अनेकदा सहज उचलला जातो.