बोअरचं पाणी आणि जुनी पिकअप

आपल्या सोलापूर भागात जुन्या पिकअपची निम्मी दुखणी पाण्यातून सुरू होतात, असं माझं ठाम मत झालं आहे. माझी गाडी दुसऱ्याने वापरलेली, मीटरवर साडेतीन लाखांच्या पुढे किलोमीटर. मंगळवेढ्याकडचा कांदा सिद्धेश्वर मार्केट यार्डात आणि हंगामात सांगोल्याची डाळिंबं, हे तिचं काम. डांबरी रस्ता संपला की मुरूम, काळं रान आणि ओढे.

मे महिन्यात भरल्या गाडीचा तापमानाचा काटा लालच्या वर गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली. गाडी ओढून आणली, फिटरने हेड उतरवलं. गॅसकेट दोन सिलिंडरच्या मधोमध जळालं होतं. पण बघण्यासारखी गोष्ट पुढे होती. ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा पांढरट-तपकिरी थराने भरल्या होत्या. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर कवचासारखी ढपली निघाली. बोटभर रुंदीच्या वाटेत जेमतेम काडी जाईल एवढी फट उरली होती. गाडीच्या आधीच्या आयुष्यात रेडिएटरला बोअरचंच पाणी मिळालं होतं. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड. ते तापलं की त्यातलं कॅल्शियम आतल्या भिंतींना धरतं. हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही. रेडिएटर नवा घातला तरी इंजिन आतून भाजतच राहतं.

थर्मोस्टॅटही कुणीतरी काढून टाकला होता. गाडी तापते म्हणून तो काढायचा, हा उपाय आपल्याकडे सर्रास चालतो. माझी कळकळीची विनंती आहे, तो काढू देऊ नका. त्याच्याशिवाय थंडीत इंजिन लवकर गरम होत नाही, डिझेल जास्त जातं आणि झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत बायपासची वाट उघडीच राहून थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरतं. म्हणजे ज्या कारणासाठी काढला, तेच वाढतं.

कुलंट बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळा. वाटेत नाइलाजाने बोअरचं पाणी घालावं लागलं तर घरी आल्यावर सगळं काढून नव्याने भरा. रेडिएटरचं झाकण साधी वस्तू समजू नका. ते आतला दाब धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशांना उकळत नाही. झाकणाचं रबर कडक झालं की बदला, आणि गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा साका दिसला, किंवा पहाटे थंड इंजिन सुरू करताच वरचा होज दगडासारखा टणक झाला, तर भरती घेऊ नका, आधी फिटर गाठा. हेड उतरवलंच तर फेसिंग करून तडा तपासून घ्या. बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच आवळायला लावा. अंदाजाने आवळलेलं हेड पुन्हा उतरवायची वेळ येते.

पावसाळ्यात पाण्याचा दुसरा मार्ग उघडतो. मागच्या एक्सलच्या हाउसिंगवर एक छोटा ब्रीदर असतो, करंगळीएवढा. फार कमी लोक त्याकडे पाहतात. काळी माती ओली असताना फुगून तिथे बसते आणि सुकली की सिमेंटसारखी होते. ब्रीदर बुजला की गरम हाउसिंगमधला दाब बाहेर पडायला ऑइल सीलची वाट धरतो, आणि ते ऑइल ब्रेक लायनरवर येतं. भरल्या गाडीचा ब्रेक एका बाजूला ओढतो तेव्हा दोष बहुधा लायनरवरच टाकला जातो. नवं लायनर आठवड्यात पुन्हा भिजतं. आधी ब्रीदर सुईने मोकळा करा, सील बदला, मग लायनर. ओढ्यातून गरम गाडी घातली असेल तर हाउसिंग एकदम थंड होऊन पाणी आत ओढतं. गिअर ऑइल पांढुरकं दिसलं की लगेच बदला. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला चिखलातून आल्यावर ग्रीस द्या, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

स्प्रिंगच्या पाट्यांबद्दल थोडक्यात सांगतो. वजन जास्त पेलावं म्हणून एक पाटा वाढवला तरी एक्सल, बेअरिंग आणि ब्रेक तेवढेच राहतात. पाट्याचं काम केलं असेल तर पहिली भरती उतरवल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

जुनी पिकअप घ्यायला जाल तेव्हा सकाळी जा, मालकाने गाडी सुरू करायच्या आत. झाकण उघडून पाण्याचा रंग बघा. गंजट असेल तर भाव पाडायला तेवढं कारण पुरे आहे. मग गाडीखाली आडवे व्हा आणि पाटा चेसीला जिथे अडकतो तो हँगर बॅटरीच्या उजेडात पाहा. तिथे वेल्डिंगवर नवा रंग मारलेला दिसला, तर भाव कितीही उतरला तरी ती गाडी घेऊ नका.