एक टीबीतले ६९ जीबी गेले कुठे?

प्रश्न : मी लग्नाचं शूटिंग करतो. डेटा ठेवायला एक टीबीची हार्ड डिस्क घेतली, तर कॉम्प्युटरवर ९३१ जीबीच दिसतात. दुकानदार म्हणतो, सगळ्याच अशा येतात. घरचे म्हणतात, 'तुले ठगवलं.' खरं काय? आणि यात किती तासांचं शूटिंग मावेल?
— एक वाचक, जठारपेठ, अकोला

उत्तर : दुकानदाराचं बरोबर आहे. डिस्कच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. तिथे जीबीच्या शेजारी बाइटचा लांबलचक आकडा असतो. तो मोजा, एक लाख कोटींच्या आसपास भरेल. कंपनीने कबूल केलेला माल तेवढाच होता.

फरक पडतो तो मापात. डिस्क बनवणाऱ्यांचा एक जीबी १०० कोटी बाइटचा. विंडोजचा जीबी १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटचा. एक लाख कोटीला या दुसऱ्या आकड्याने भागा, ९३१ येतात. मॅकवर २००९पासून १०० कोटींचंच माप आहे. अमरावतीत तुमच्या ओळखीचा कुणी मॅकवर मिक्सिंग करत असेल, तर हीच डिस्क त्याच्याकडे लावून बघा. पूर्ण एक टीबी दिसेल.

कापसाच्या मुलखातल्या माणसाला हे नवं नाही. इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा होता, तर बंगालचा ८२ पौंडांहून जास्त. सौदा करताना मण कुठला, हे आधी विचारावंच लागे. १९५६च्या वजनमापांच्या कायद्याने किलो आणला आणि तो घोळ मिटवला. रुईचा भाव मात्र आजही खंडीवर, म्हणजे सुमारे ३५६ किलोवर, बोलला जातो.

कॉम्प्युटरमधला घोळ रॅमपासून सुरू झाला. तिची रचना दोनाच्या पटीत वाढते : २, ४, ८ असं करत दहाव्या पायरीला १,०२४. हा आकडा हजाराच्या अगदी जवळचा, म्हणून जुन्या लोकांनी त्यालाच किलो म्हटलं. तेव्हा फरक अडीच टक्क्यांच्या आत होता. पण दर पायरीला तो वाढत जातो : मेगाला जवळपास पाच टक्के, गिगाला सात, टेराला दहा. १९९८मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १,०२४च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली. विंडोजने ती घेतली नाहीत, आणि माझ्या मते ग्राहकाच्या मनातल्या शंकेचं मूळ तिथेच आहे. स्क्रीनवर योग्य नाव असतं तर तुमच्या घरी वाद झाला नसता.

हिशेब सोपा ठेवा. खोक्यावरच्या जीबीला ०.९३ने गुणलं की विंडोजवर काय दिसेल ते कळतं. म्हणून ६४ जीबीचं कार्ड ५९च्या पुढे थोडं दिसतं. टीबीला टीबीतच बघायचं असेल तर ०.९१ने गुणा.

आता शूटिंगचं. कॅमेऱ्याचा वेग मेगाबिटमध्ये लिहिलेला असतो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. फोर-केला सेकंदाला १०० मेगाबिटची सेटिंग असेल, तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ जीबी. तुमच्या डिस्कवर साधारण २२ तास मावतील. दोन कॅमेरे लावले तर अकराच. हळद, लग्न, रिसेप्शन असं सगळं धरलं की एक डिस्क फार दिवस पुरत नाही.

घरच्यांची शंका एका बाबतीत खरी ठरू शकते. काहीशे रुपयांत दोन टीबीचा पेन ड्राइव्ह मिळत असेल, तर घेऊ नका. अशा बनावट मालात आतली चिप छोटी असते आणि ती कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगते. भरल्यावर आधीच्या फाइली पुसल्या जातात, आणि हे कळतं ते लग्न होऊन गेल्यावर. नवी वस्तू रिकामी असतानाच एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत प्रोग्रॅमने तपासा. तो ती काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं सगळं परत वाचून बघतो. एक टीबीला बरेच तास लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा.