पत्रांची चाळणी

पवन मावळात डिसेंबर महिना लागला, की गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये लगबग सुरू होते. युरोपात आणि इतर अनेक देशांत १४ फेब्रुवारी हा दिवस संत व्हॅलेंटाइनच्या नावाने साजरा केला जातो. त्या दिवशी स्नेह्यांना गुलाब देण्याची तिकडे चाल आहे. हा दिवस साधावयाचा, तर सुमारे दीड महिना आधी झाडांची छाटणी करावी लागते. जानेवारीच्या अखेरीस तोडणी सुरू होते. वीस-वीस फुलांच्या गड्ड्या बांधून त्या शीतगृहात ठेवतात आणि तेथून खोक्यांत भरून मुंबईच्या विमानतळाकडे रवाना करतात. मावळातील लाल गुलाब अशा रीतीने समुद्रापार पोहोचतो. परंतु हा सारा खेळ मोजक्या दिवसांचा. तारीख उलटली, की त्याच फुलाला तो भाव राहत नाही.

एवढ्या घाईच्या व्यापारात फुलांची मागणी टपालाने येत नाही. ती ई-मेलने येते. आता समजा, परदेशातील एखाद्या व्यापाऱ्याने मावळातील एका शेतकऱ्यास प्रथमच पत्र पाठविले. पत्र इंग्रजीत आहे, पाठविणारा अनोळखी आहे, मजकुरात दर व सवलत यांची चर्चा आहे, ‘उत्तर तातडीने द्यावे’ असा आग्रह आहे आणि सोबत एक कागद जोडलेला आहे. दुर्दैवाने ठकांच्या पत्रांतही नेमकी हीच लक्षणे आढळतात! शेतकऱ्याच्या संगणकातील चाळणी ते पत्र उचलते आणि नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात टाकून देते. शेतकरी समजतो, यंदा मागणी आली नाही. व्यापारी समजतो, मावळातून उत्तर आले नाही. आणि तो केनियातील गुलाबांकडे वळतो. चूक झाली, हे दोघांपैकी कोणासही कळत नाही.

तथापि चाळणीच नको, असेही म्हणता येत नाही. न मागता एकाच वेळी असंख्य लोकांकडे धाडलेल्या पत्रांना ‘स्पॅम’ म्हणतात. ‘स्पॅम’ हे मुळात अमेरिकेतील डबाबंद मांसाचे नाव. १९७० साली इंग्लंडमधील एका विनोदी नाट्यप्रवेशात हा शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला, की इतरांचे बोलणे त्यात बुडून गेले. पुढे नकोशा पत्रांच्या गर्दीला तेच नाव चिकटले. अशा पत्राचे पहिले प्रसिद्ध उदाहरण मात्र त्या नावाहून जुने आहे. १९७८ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे ४०० जणांना एकच जाहिरात पाठविली आणि पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. आज जगातील ई-मेलांचा मोठा भाग अशाच पत्रांनी व्यापलेला असतो. चाळणी काढून टाकली, तर खरे पत्र त्या ढिगातच हरवेल.

ही चाळणी काम कशी करते? पवन मावळावर नजर ठेवून उभ्या असलेल्या लोहगडावर जाताना गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. एका दरवाजाने सोडले, तरी पुढचा अडवू शकतो. पत्रालाही असेच अनेक पहारे ओलांडावे लागतात.

प्रथम पत्र आले कोठून, ते पाहिले जाते. आपली पत्रे कोणकोणत्या यंत्रांतून निघतात, याची यादी अनेक संस्थांनी आधीच जाहीर केलेली असते. त्या यादीबाहेरच्या यंत्रातून पत्र आले, तर संशय घेण्यास जागा होते. नंतर शिक्का तपासतात. जुन्या काळी मराठी राजपत्रांत मजकूर संपताच शेवटी मोर्तबाचा शिक्का उमटवीत. त्यामुळे खाली कोणास एक ओळही वाढविता येत नसे. ई-मेलचा शिक्का आकड्यांचा असतो. वाटेत मजकुरातील एक अक्षर बदलले, तरी तो शिक्का जुळेनासा होतो. अर्थात शिक्का खरा म्हणून माणूस सज्जन, असे नव्हे. ठकालाही स्वतःचा शिक्का करून घेता येतोच.

जोडलेल्या कागदात संगणकाचा विषाणू दडला आहे काय, हेही पाहावे लागते. या कामी पुण्याचे नाव आवर्जून घेतले पाहिजे. मूळचे कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९० नंतरच्या दशकात पुण्यातच विषाणू शोधणारी प्रणाली तयार केली. तीच पुढे ‘क्विक हील’ या नावाने प्रसिद्धीस आली.

सर्वांत कुतूहलाचा पहारा मजकुराचा. समजा, शेतकऱ्याकडे १०० पत्रे आली. त्यांपैकी ६० फसवी आणि ४० खरी निघाली. ‘बक्षीस’ हा शब्द ३१ पत्रांत आढळला आणि त्यांतील ३० फसवी होती. ‘पॉलिहाऊस’ हा शब्द ३६ पत्रांत आढळला आणि त्यांतील ३५ खरी होती. मग नव्या पत्रात ‘बक्षीस’ दिसताच संशय वाढतो व ‘पॉलिहाऊस’ दिसताच तो कमी होतो. अनेक शब्दांचा असा हिशेब एकत्र करून चाळणी आपला अंदाज बांधते. या हिशेबाच्या मुळाशी असलेले गणित थॉमस बेझ नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आहे. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, लोकांपुढे आला. गुलाबाच्या मागणीची पत्रे त्या गणिताने चाळली जातील, हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल!

शेवटी प्रत्येक पत्राला गुण दिले जातात. जितका संशय, तितके गुण. २००१ सालापासून प्रचारात असलेल्या ‘स्पॅम-असॅसिन’ या प्रणालीत पाच गुणांची मर्यादा मुळातच घालून दिलेली असते. पाच गुण झाले, की पत्र स्पॅम ठरते. ही मर्यादा तीनवर आणली, तर चाळणी कडक होते. फसवी पत्रे अडतात, पण खरीही अधिक अडकतात. ती आठवर नेली, तर खरी पत्रे सुखरूप येतात, पण त्यांच्यासोबत ठकही शिरतात. दोन्ही चुका एकाच वेळी नाहीशा होतील, अशी मर्यादा सापडत नाही. रायगडाचे दरवाजे सांजवेळी बंद झाले, तेव्हा दूध घालावयास आलेली हिरकणी आत अडकली, असे सांगतात. पहारेकऱ्यांचा नियम शत्रूसाठी होता. त्याने अडविले ते तान्ह्या बाळाच्या आईला.

म्हणून कोणती चूक अधिक महाग पडेल, हे संगणकाला नव्हे, तर शेतकऱ्यालाच ठरवावे लागते. एखादी नकोशी जाहिरात वाचण्यात त्याची अर्धी मिनिट जाते. मागणीचे एक पत्र हरवले, तर खोकीच्या खोकी फुले शीतगृहात पडून राहतात. तेव्हा जानेवारीत त्याने मर्यादा थोडी सैल ठेवावी, हे उत्तम. ओळखीच्या व्यापाऱ्यांचे पत्ते त्याने विश्वासाच्या यादीत घालावेत. मात्र ‘आमच्या बँकेचे खाते बदलले आहे, पैसे नव्या खात्यात भरा’ असे पत्र त्या पत्त्यांवरून आले, तरी दूरध्वनीवर खात्री करून घ्यावी, कारण ओळखीच्या माणसाचा पत्ताही चोरीस जातो. रोज सायंकाळी एकदा स्पॅमचा कप्पा उघडून तो डोळ्यांखालून घालावा. त्यात एखादे खरे पत्र सापडले, तर ‘हे स्पॅम नाही’ अशी खूण करावी. ती खूण चाळणीच्या हिशेबात जमा होते आणि त्या व्यापाऱ्याचे पुढचे पत्र बहुधा अडत नाही. फुलांची शेवटची खोकी विमानात चढली, की मर्यादा पुन्हा खाली आणता येते.