ड्रम सर्कल चालवायला शिकताय? आधी स्वतःचा ड्रम खाली ठेवा



हाताच्या खुणा व्हिडिओत करून दाखवल्या आहेत, त्या तिथेच बघा. इथे जरा वेगळं लिहितोय. खुणा एका दुपारी येतात हो. पण मला जी गोष्ट कळायला वर्ष लागलं आणि जिच्यापायी एक चांगलं गिऱ्हाईक गेलं, ती आधी सांगतो.

कॉलेजपासून मी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायचो. पुढे दुकान टाकलं, त्यात जेंबे विकायला ठेवले. मग वाटलं, कंपन्या टीम बिल्डिंगसाठी ड्रम सर्कल करून घेतात, तर आपणच का करू नये? वाजवता येतं, माल घरचा आहे. हप्त्यावर आणखी तीस जेंबे उचलले आणि एका आयटी कंपनीचं पहिलं काम घेतलं. चाळीस माणसं, एक तास.

मी काय केलं असेल? जीव तोडून वाजवलं. पाचव्या मिनिटाला दुगुन, दहाव्या मिनिटाला असे तुकडे की माझेच मला आवडले. पंधराव्या मिनिटाला बघतो तर निम्म्या लोकांनी हात मांडीवर ठेवलेले, काहीजण मोबाईलवर माझं शूटिंग करतायत. शेवटी कडकडून टाळ्या पडल्या. एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, शो मस्त झाला!" घरी येईपर्यंत मी हवेत होतो. पुन्हा फोन काही आला नाही. जेंब्यांचा हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर येत होता.

"शो" हा शब्द डोक्यात शिरायला वेळ लागला. अहो, त्यांनी शोचे पैसे दिलेच नव्हते. चाळीस माणसांनी वाजवावं म्हणून दिले होते. पथकात तालीम असते, ठरलेले हात असतात, समोर बघणारे असतात. ड्रम सर्कलमध्ये बघणारा कुणीच नसतो. जो आला तो वाजवणार, आणि बहुतेकांनी आयुष्यात डब्यापलीकडे काही वाजवलेलं नसतं. तिथे तुमचा ताशा जितका भारी, तितका शेजारचा माणूस गप्प होत जातो.

अमेरिकेत आर्थर हल नावाचे गृहस्थ हे काम शिकवत आले आहेत. त्यांचं 'ड्रम सर्कल स्पिरिट' हे पुस्तक १९९८ सालचं. त्यांच्या शिकवणीतली मला सगळ्यात कामी आलेली गोष्ट म्हणजे चालवणाऱ्याने वाटेतून बाजूला होणं. लोकांचं जमलंय ना? मग मध्ये उभं राहू नका. गोलातून बाहेर या आणि ऐका.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते बघू. सुरुवातीला भाषण नको. एका मोठ्या ड्रमवर साधा ठोका धरा, एक-दोन-तीन-चार, आणि हाताने "या, या" करा. लोक येतात. त्यांचा ठेका बसला की तुमचा ड्रम खाली ठेवा. हो, खरंच ठेवा, कारण खुणांना दोन्ही हात लागतात. मग पहिली शिकवायची खूण म्हणजे थांबायची. चार बोटं दाखवून चार-तीन-दोन-एक मोजा आणि हात कापल्यासारखा आडवा फिरवा. चाळीस माणसं एकाच क्षणी थांबली की जी शांतता होते ना, तिथे लोक हसतात. त्या हसण्यानंतर ते तुमचे. आपण हे जमवलं, हे त्यांना कळलेलं असतं.

त्यानंतर आवाज वर-खाली करणं, गोलाचे दोन भाग करून सवाल-जवाब, ताल सोडून सगळ्यांचा एकत्र गडगडाट, एका बाजूला थांबवून दुसरीला "चालू ठेवा" सांगणं. हे व्हिडिओत आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, दर मिनिटाला खूण करू नका. नवा माणूस हमखास हीच चूक करतो, शांत उभं राहण्याची लाज वाटते म्हणून. ठेका बसायला लोकांना दोन-तीन मिनिटं लागतात, ती द्या.

ठेका डळमळला तर? जोरात वाजवून ओढू नका. गोलात कुणीतरी एकजण पक्का वाजवत असतोच. त्याच्याजवळ जा, बाकीच्यांना थांबवा, त्याचं ऐकवा आणि त्यावर एकेकाला परत आत घ्या. माझ्या रविवारच्या फुकट सरावाला शेजारचे गिरणीवाले काका यायचे. महिनाभर जेंबे मांडीवर घेऊन नुसते बसायचे. एकदा सगळं विस्कटलं, बघतो तर काकांचा अंगठा काठावर बरोबर समेला पडतोय. सगळ्यांना थांबवून फक्त त्यांचं ऐकवलं. काका इतके लाजले, पण थांबले नाहीत. त्या दिवशी मला हे काम पहिल्यांदा नीट जमलं असं मी धरतो.

धंद्याच्या दोन-चार गोष्टी. खुर्च्या बिनहाताच्याच मागा, जेंबे गुडघ्यांत धरायचा असतो. तो किंचित तिरपा हवा. बूड जमिनीला टेकलं तर खालचा घुमारा दबतो. अंगठ्या, घड्याळं काढायला लावा, नाहीतर कातडंही जाईल आणि बोटंही. बकरीचं कातडं पावसाळ्यात ढिलं पडतं, म्हणून जून ते सप्टेंबरच्या कामांना मी सिंथेटिक पानाचे नेतो. कार्यक्रम उघड्यावर असेल तर रात्री दहाच्या आत आवरा, नियमच तसा आहे. आणि "प्राचीन आफ्रिकन विधी" असं म्हणून विकू नका. जेंबे पश्चिम आफ्रिकेतला, माली-गिनीकडचा. त्याची तिथली परंपरा वेगळी आणि शिस्तीची आहे. हे गोल करून बसणं अलीकडचं, अमेरिकेत वाढलेलं.

फक्त आयटी कंपन्यांच्या मागे लागू नका, असंही सांगेन. मिकी हार्ट या ड्रमरने १९९१ मध्ये अमेरिकन सिनेटच्या वृद्धांविषयीच्या समितीपुढे जाऊन म्हाताऱ्या माणसांसाठी ड्रमिंगची बाजू मांडली होती. आपल्याकडे गल्लोगल्ली ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. पैसे कमी मिळतात, पण ती मंडळी मनापासून वाजवतात, आणि तुमचं शिकणं तिथेच होतं. माझं दुसरं पैशाचं काम अशाच एका संघातल्या आजोबांच्या सुनेने, तिच्या ऑफिससाठी दिलं.

पुढच्या व्हिडिओच्या आधी एवढं करा. घरातली किंवा सोसायटीतली आठ माणसं जमवा, प्रत्येकाला डबा नाहीतर बादली द्या, आणि वीस मिनिटांपैकी दहा मिनिटं तुम्ही स्वतः काहीही वाजवायचं नाही. मोबाईल कोपऱ्यात ठेवून रेकॉर्ड करा. ऐकताना फक्त एवढंच मोजा, तुम्ही किती वेळा मध्ये पडलात.