पांढऱ्या पेशींचा माग

मधुमेही रुग्णाचे पाऊल सुजून लाल झाले आणि जखम भरेना, की डॉक्टरांपुढे बिकट प्रश्न उभा राहतो. हाडात जंतुसंसर्ग शिरला आहे, की संवेदना गेल्यामुळे नकळत आघात होऊन हाडे व सांधे ढासळत आहेत? दोन्ही विकारांत पाऊल पुष्कळदा सारखेच दिसते. उपचार मात्र भिन्न आहेत. पहिल्यात दीर्घकाळ प्रतिजैविके आणि प्रसंगी शस्त्रक्रिया, तर दुसऱ्यात प्लास्टर घालून पायाला विश्रांती. निदान चुकल्यास पाय गमावण्याचीही वेळ येते. हाडांचा नेहमीचा स्कॅन येथे अपुरा पडतो. कारण हाडाची घडामोड जेथे वाढलेली असते, तो भाग कारण कोणतेही असले तरी उजळ दिसतो.

अशा वेळी आपल्या शरीराच्या रक्षकांचाच माग काढता येतो. मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला, तेव्हा फिरत्या पेशी काट्याभोवती जमलेल्या त्याला दिसल्या. आपल्या पांढऱ्या रक्तपेशीही जंतूंकडे अशाच धाव घेतात. मात्र मानवी देह पारदर्शक नाही. म्हणून पेशींवर खूण करावी लागते. मॅकॅफी आणि ठाकूर या संशोधकांनी १९७६ मध्ये इंडियम-१११ या किरणोत्सारी द्रव्याने ही खूण करण्याची रीत मांडली. पुढे टेक्नेशियम-९९एमही वापरात आले.

या तपासणीत रुग्णाचे सुमारे ४० ते ५० मिलिलिटर रक्त घेतात. त्यातील पांढऱ्या पेशी निर्जंतुक वातावरणात वेगळ्या करून, त्यांना किरणोत्सारी द्रव्य जोडून, त्याच रुग्णाच्या शिरेत परत सोडतात. दुसऱ्याच्या पेशी देणे घातक असल्याने प्रत्येक टप्प्यावर नावाची खातरजमा करतात. त्यानंतर गॅमा कॅमेरा त्या पेशींतून येणारे किरण टिपतो.

टेक्नेशियम-९९एमचा अर्धायुष्यकाल ६ तासांचा आहे. म्हणजे २४ तासांत तो चार वेळा निम्मा होऊन सोळावा हिस्सा उरतो. इंडियम-१११चा अर्धायुष्यकाल सुमारे २.८ दिवसांचा आहे.

तरीही उजळ ठिपका दिसला की संसर्ग, असे समजणे चूक ठरेल. यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा येथेही या पेशी स्वभावतः जातात. म्हणून सुमारे ४ तासांनी आणि पुन्हा २० ते २४ तासांनी चित्रे घेऊन त्यांची तुलना करतात. ठिपका काळानुसार वाढत गेला तर संसर्गाची शक्यता बळावते. शंका उरल्यास मज्जेचा वेगळा स्कॅन करून दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहतात.

एका दर्शनावर निर्णय न देता पुन्हा पाहावे आणि पडताळावे, हाच या तपासणीचा धडा आम्हांस विद्यार्थ्यांसाठी मोलाचा वाटतो. पालकांना आमची विनंती एवढीच, की घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांचे तळपाय रोज पाहावेत. वेळीच दिसलेली लहानशी जखम पुढचे मोठे संकट टाळू शकते.